अपुऱ्या अहवालाचे मामा

शाळामास्तर हा प्राणी सलग किती वेळ उभा राहू शकतो, कोणत्या वाऱ्याला त्याचा घसा बसतो आणि कोणत्या महिन्यात त्याला बदलीचा अर्ज करण्याची अनावर इच्छा होते, हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसेल. माझ्या ताईच्या मामेसासऱ्यांना मात्र ते ठाऊक होते. जे ठाऊक नव्हते ते शोधून काढल्याशिवाय मास्तरांविषयी कोणी एका ओळीचाही ठराव करू नये, असा त्यांचा हट्ट होता. सोलापुरात शुक्रवार पेठेत ताईच्या घराला लागूनच त्यांचे घर. मी त्या वेळी ताईकडे राहून एका छापखान्यात मुद्रिते तपासत असे आणि उरलेल्या वेळात पत्रके काढून अन्यायाचा नायनाट करत असे. अन्याय भरपूर होता आणि पत्रकांचा कागद स्वस्त होता, त्यामुळे मला फुरसत अशी नव्हतीच. तरी रोज संध्याकाळी मामांच्या ओट्यावर जाऊन बसल्याशिवाय मला चैन पडत नसे. त्यांच्याइतका निष्ठेने वेडा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि पुढेही पाहिला नाही.

मामांचा सारा जन्म सरकारी मोजणी खात्यात गेला होता. लोखंडी साखळी घेऊन माळरानात हिंडायचे, बांध मोजायचे, भावाभावांच्या शिव्या खायच्या आणि बिनचूक नकाशा काढून द्यायचा. पेन्शन घेऊन घरी बसल्यावर मोजायला काही उरेना. मामींनी स्वयंपाकघर मोजू दिले नाही. तेवढ्यात गावोगावच्या प्राथमिक शाळा चालवणाऱ्या मंडळाची एक जागा रिकामी झाली आणि मामा तिथे निवडून गेले. त्या मंडळाचा कारभार मी जवळून पाहिलेला आहे. एखाद्या सभासदाच्या मास्तर जावयाला गाव मानवले नाही की दुसऱ्या मास्तराची बदली व्हायची. एखाद्याच्या वऱ्हाडाला बैलगाडी दिली नाही म्हणून तिसऱ्याची व्हायची. मामांनी पहिल्याच सभेत उभे राहून विचारले, "शेत मोजल्याशिवाय त्यावर सारा बसवत नाहीत. मग मास्तर मोजल्याशिवाय त्यावर नियम कसा बसवता?" सभासदांना वाटले, म्हातारा विनोद करतो आहे. मामांनी विनोद असा जन्मात केला नव्हता.

त्यांनी मास्तर मोजायला सुरुवात केली. आडगावात नेमणूक झाली की मास्तर वाळतो, असे त्यांचे एक अनुमान होते. ते सिद्ध करायला बाजारच्या दिवशी सोलापुरात येणारे मास्तर ते एका ओळखीच्या अडत दुकानात नेत आणि भुसाराच्या काट्यावर चढवत. एका पारड्यात मास्तर, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. हमाल मोठ्याने वजन पुकारत आणि मामा ते टिपून घेत. दोन बाजार होतात न होतात तोच तालुक्यातालुक्यांत बातमी पसरली की यापुढे पगार वजनावर ठरणार. मग काय विचारता! मास्तर लोक घरून चारचार भाकऱ्या आणि तांब्याभर ताक पोटात घालून येऊ लागले. अक्कलकोटाकडच्या एका सडपातळ मास्तरांनी कोटाच्या आतल्या खिशात वरवंटा घातला. पारड्यात पाय ठेवताच खिसा फाटून तो हमालाच्या अंगठ्यावर पडला. हमालाने कानडीत जे काही म्हटले ते मामांनी आदराने ऐकून घेतले आणि मास्तरांना म्हणाले, "वरवंटा वजा करून घेतो हं." मास्तरांना ते ओरडले नाहीत. पगाराची भीती माणसाच्या खिशात वरवंटा घालते, हेही त्यांनी टिपून घेतले होते.

नंतर आवाजाची पाळी आली. चार इयत्ता एकाच मास्तराने सांभाळायच्या, तर त्याचा आवाज किती दूर पोचला पाहिजे, हे ठरवायचे होते. मामांनी एका धिप्पाड मास्तरांना सिद्धेश्वराच्या तळ्याच्या पलीकडच्या काठावर उभे केले, स्वतः अलीकडे बसले आणि छत्री उंचावून खूण केली. पलीकडून एकोणतिसाचा पाढा सुरू झाला. कोणी बुडाले असे वाटून आधी दोन पोहणारे पाण्यात उड्या टाकून मोकळे झाले. मागोमाग गर्दी जमली. धुणे धूत असलेल्या एका पद्मशाली बाईने मामांना तेलुगूतून विचारले की त्या बिचाऱ्याला काय होतेय आणि तुम्ही नुसते बसून काय राहिलात. मामांनी तिला मराठीतून सांगितले की तो शिकवतो आहे. तिला मराठी पुरेसे येत होते, विश्वास मात्र बसला नाही. त्या दिवशीचे मामांचे अनुमान मला पाठ आहे: मास्तराचा आवाज तळे ओलांडतो, पाढा मात्र मध्येच बुडतो.

मामींचा या सगळ्यावर बहिष्कार होता. घरात पाहुणे म्हणून कोणी मास्तर आला की त्या आधी विचारत, "जेवायला आलात की मोजायला?" एकदा मामा अंगणात एका मास्तराच्या चपलांचे तळ किती झिजले ते पाहत बसले होते. मामी आतून म्हणाल्या, "एवढं संशोधन लग्नाआधी माझं केलं असतंत, तर मी सुटले असते." मामा चष्मा वर करून गंभीरपणे म्हणाले, "त्या वेळी मोजणीला तू उभी राहिली नाहीस." यावर मामी हसल्या ते मी भिंतीआडून ऐकले. मामांना मात्र हसण्यासारखे काय झाले ते कळले नाही.

माझ्या पत्रकांनाही त्यांनी सोडले नाही. "शिक्षकांनो, उठा" या मथळ्याचे माझे एक घणाघाती पत्रक मी मोठ्या आशेने त्यांना वाचून दाखवले. शेवटापर्यंत ऐकून ते म्हणाले, "पत्रकवाल्या, तू त्यांना उठा म्हणतोस. पण किती शाळांत खुर्ची आहे ते पाहिलंस का? माझ्या हिशेबाने बहुतेक सगळे उभेच आहेत." मी इतका चिडलो की दोन दिवस ओट्यावर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो, तेव्हा खुर्च्यांची पाहणी करायची योजना तयार होती आणि तिच्यात कारकून म्हणून माझे नाव होते.

हा सगळा पोरखेळ म्हणून सोडून देता आला असता. पण त्या वर्षी मंडळाच्या अध्यक्षांनी एक ठराव आणला. अध्यक्ष बार्शीकडचे धान्याचे बडे व्यापारी. त्यांच्या बोलण्यातही कीड लागलेल्या मालागत काहीतरी फेकून देण्याची गोष्ट सारखी येई. ठराव असा होता की सांगोल्याकडच्या कोरड्या भागातल्या, एकेकच मास्तर असलेल्या ज्या शाळांत, तपासणीचे कागद काहीही म्हणोत, पोरे येत नाहीत अशी ओरड आहे त्या बंद कराव्यात आणि तिथले ट्रेनिंग न झालेले मास्तर घरी पाठवावेत. हात वर होणार, इतक्यात मामा उभे राहिले. पोरे येत नाहीत ती का येत नाहीत हे पाहिल्याशिवाय माणूस काढायचा, हे कोणत्या मोजणीत बसते, असे त्यांनी विचारले. त्यांनी उपठराव मांडला की आपण स्वतः जाऊन अभ्यास करू आणि आपला अहवाल पूर्ण होऊन मंडळापुढे येईपर्यंत एकाही मास्तराला हात लावू नये. अध्यक्षांना जेवणाची घाई होती. म्हातारा महिन्याभरात लिहून देईल, असा विचार करून त्यांनी तो मंजूर केला. आमच्या देशातले पुष्कळसे चांगले निर्णय असे जेवणाच्या घाईतच झालेले आहेत, असे माझे मत आहे.

आम्ही निघालो. कुर्डूवाडीपर्यंत मोठी गाडी, तिथून पुढे अरुंद रुळांची छोटी गाडी आणि सांगोल्यापासून बैलगाडी. वाटेत एक झाड दिसले की मामा त्याचे नाव विचारत. पुढे झाडे कमी आणि मेंढ्यांच्या लेंड्या जास्त झाल्या, तेव्हा त्यांनी वही मिटून ठेवली. पहिल्या गावात मारुतीच्या देवळात शाळा भरली होती आणि देऊळ पोरांनी ओसंडत होते. दाराशी एक शिंग मोडलेली काळी शेळी बांधलेली होती. पोरगे शाळेत आले की शेळी घरी एकटी राहत नाही, असे मास्तर म्हणाले. मामांनी पोरांना विचारले की सोलापूर कशासाठी प्रसिद्ध आहे. कोणालाच येईना. मामांनी सांगितले, चादरींसाठी. तेवढ्यात शेळीने त्यांच्या पिशवीतला कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा खाल्ला. मामा म्हणाले की हजेरी उत्तम आहे, ज्ञान बेताचे.

दुसऱ्या दिवशी दुसरे गाव. तिथली शाळा एका छपरात, तीही गच्च. मामांनी "सोलापूर" एवढा शब्द उच्चारला मात्र, सगळी शाळा एका सुरात ओरडली, "चादरी!" मामांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत मोठ्या शोधाची चमक होती. हे गाव पहिल्यापेक्षाही कोरडे आहे, विहीरसुद्धा खोल आहे, याचा अर्थ पाणी जसजसे कमी होते तसतशी बुद्धी वाढते, असे अनुमान त्यांनी मला लिहून घ्यायला सांगितले. या भागातल्या पोरांचे चेहरे एकमेकांसारखे दिसतात, तेही पाण्याच्याच गुणाने, अशी पुरवणी त्यांनी जोडली. मी लिहून घेतले. खरे सांगतो, मलाही पटले होते. आमच्यासारख्या शहरी माणसाला खेड्यातली पोरे एकसारखीच दिसतात, हा आमच्या शिक्षणाचा गुण.

तिसऱ्या गावची शाळा बिरू मास्तरांची. ते धनगर समाजातले. पंचक्रोशीतल्या त्यांच्या लोकांत सातवीची फायनल परीक्षा पास झालेले ते पहिलेच, आणि ट्रेनिंग न झालेले म्हणून अध्यक्षांच्या ठरावात बसणारेही ते पहिलेच. धुवट रुमाल बांधून ते दारात उभे होते. आत पोरांनी शाळा भरलेली. मामांनी अजून तोंडही उघडले नव्हते, तोच मागून एक पोर कंटाळून म्हणाले, "चादरी म्हना की आन् मोकळं व्हा." त्याच क्षणी मोडक्या शिंगाची काळी शेळी गर्दीतून वाट काढत आली. तिने मामांना ओळखले, पिशवी ओळखली आणि सरळ कागदात तोंड घातले. मामांना माणसांचे चेहरे ओळखू आले नव्हते, पण मोडके शिंग ओळखू आल्याशिवाय कसे राहील? सीमेवरचा दगड विसरणारा मोजणीदार कोणी पाहिला आहे? ते पुष्कळ वेळ शेळीकडे पाहत राहिले. मग त्यांनी पोरांना सुट्टी दिली आणि बिरू मास्तरांना जवळ बसवले.

बिरू मास्तरांनी काही लपवले नाही. उलट एवढी साधी गोष्ट साहेबाला शेळीकडून कळावी याचे त्यांना नवल वाटले. "साहेब, पोरं हाइत. खोटं न्हाय त्यात. पर दिवाळी सरली की वस्त्याच्या वस्त्या मेंढरं घेऊन नदीच्या अंगाला उतरत्यात. पोरं बी जात्यात, पाटीदप्तर घेऊन. मागं राहत्यात ती हितली धा, तितली धा. मग तपासणी आली की तिन्ही गावं पोरं उसनी देत्यात. घरात पीठ सरलं तर शेजारनं उसनं आनतोच की."

"आणि पोरं परत आली म्हणजे?" मामांनी विचारले.

"तवा शाळेत पाय ठेवाया जागा नसती. पर तवा तपासणीला कोन येतंय? वड्याला पानी असतंय की."

परतीच्या गाडीत मी पेटलो होतो. हे सगळे जसेच्या तसे छापले पाहिजे, असे मी गर्जून सांगितले. मामांनी मांडीवर वही उघडली होती. ते लिहीत होते. पंधरवड्यात त्यांचा अहवाल तयार झाला. तो त्यांनी सांगितला आणि मी सुवाच्य अक्षरात उतरवून काढला. पोरे मेंढरांबरोबर चालतात, तेव्हा मास्तरालाही त्यांच्याबरोबर चालू द्यावे. तपासणी पावसाळ्यात करावी. नियम असा असला तर पोरे उसनी आणावी लागणार नाहीत. मी एवढी पत्रके काढली, पण इतके सरळ काही मला लिहिता आले नव्हते. मामांनी मुखपृष्ठाच्या कागदाचे नमुने माझ्याकडून छापखान्यातून मागवले आणि दोन दिवस ते खिडकीशी धरून पाहिले. शेवटी त्यांनी निळा पसंत केला.

सभेच्या दिवशी अहवाल त्यांच्या पिशवीत होता आणि मी मागच्या बाकावर. अध्यक्षांनी विचारले, "काय मामा, झालं का तुमचं संशोधन?" मामा पिशवीत हात घालून उभे राहिले. पण मोजणीदाराची सवय अशी की साखळी ओढण्याआधी जमीन पायाने चाचपून पाहायची. त्यांनी विचारले, समजा, पोरे मेंढरांमागे जातात म्हणून शाळा ओस पडत असेल, तर मास्तराने मेंढरांमागे चालत शिकवलेले मंडळाला चालेल का? आधी कोणाला कळेना. मग जो हशा पिकला त्यात एका सभासदाचा विडा समोरच्याच्या धोतरावर गेला. बाकांऐवजी मेंढ्यांवर बसवा, असे एकजण म्हणाला. मेंढ्यांची हजेरी धरली तर सगळ्या शाळा पास होतील, असे दुसरा म्हणाला. हसून झाल्यावर अध्यक्षांनी डोळे पुसले आणि ते एकदम कामावर आले. "म्हणजे पोरं नसतातच ना? मग आजवरच्या तपासणीत दिसली ती कुठली? मास्तर फसवतात असं म्हणायचंय का तुम्हाला? तसं असेल तर आजच काढतो एकेकाला."

मामांचा हात अजून पिशवीतच होता. आतला कागद त्यांच्या बोटांना लागत असणार. मला तर इतक्या लांबूनही तो दिसत होता. त्यांनी हात मोकळाच बाहेर काढला.

"मला तसं म्हणायचं नाही," ते म्हणाले. "मी फक्त कोरड्या दिवसांतली शाळा पाहिली. पावसाळ्यातली पाहायची आहे. अहवाल अपुरा आहे."

बाहेर आल्यावर मी त्यांच्याशी भांडलो. सत्य हातात असून ते पिशवीत ठेवणे म्हणजे भित्रेपणा, असे मी भर रस्त्यात बोललो. ते छत्री टेकत चालत राहिले. घराच्या वळणावर थांबून म्हणाले, "अरे, आज दिला असता तर त्यांनी त्यातलं एवढंच वाचलं असतं की पोरं उसनी होती." मग थोड्या वेळाने, "बिरू मास्तराला चार लेकरं आहेत. ती काही उसनी नाहीत."

तेव्हापासून मामांचा अहवाल अपुरा राहू लागला, आणि तो अपुरा ठेवण्यात त्यांनी जी बुद्धी खर्च केली ती अहवाल लिहिताना केली नव्हती. पावसाळा झाला. मग दुष्काळाचे वर्ष पाहायला हवे होते, आणि ते आल्यावर सुकाळाचे. मग तुलनेसाठी बार्शीकडचे सुखवस्तू मास्तर तपासायचे ठरले. आपल्याच भागातल्या मास्तरांची तपासणी म्हणून अध्यक्षांना ती अडवता आली नाही. एकदा तर मास्तरांच्या सावलीची लांबी आणि पोरांची शिस्त यांचा संबंध तपासायचा राहिला असल्याचे मामांनी सभेत शांतपणे सांगितले. सभासद हसत, अध्यक्ष कपाळाला हात लावत आणि उपठराव आपल्या जागी तसाच असे. सोलापुरात कोणाचे काम रेंगाळले की लोक "मामांचा अहवाल झाला" म्हणू लागले. शिंप्याकडे कोट अडकला की मामांचा अहवाल, कोर्टात दावा अडकला की मामांचा अहवाल. मामांच्या कानावर हे येई. संशोधनाने धोरण ठरते हे दाखवून द्यावे म्हणून ज्या माणसाने उतारवयात काट्यांवर मास्तर चढवले, त्याचे नाव न संपणाऱ्या कामाला पडले. ते ऐकून ते नुसती मान हलवत, आणि घरी आले की तो पूर्ण अहवाल काढून त्यातली एखादी ओळ सुधारत. मी विचारले, आता काय सुधारता? म्हणाले, "छापला जाईल तेव्हा चूक नको."

तिकडे बिरू मास्तर दिवाळीनंतर गुपचूप मेंढरांबरोबर चालू लागले होते, आणि मागे राहिलेली पोरे बाकीचे दोघे मास्तर सांभाळत. हे मामांना कळले त्या दिवशी त्यांनी मामींना साखर घालून दूध मागितले. मामींनी कारण विचारले नाही, दोन चमचे जास्त घातली.

मामा गेले ते थंडीत, दोन दिवसांच्या तापाने. पुढच्या सभेला अध्यक्षांनी मला बोलावून घेतले. मामांच्या मागे त्यांचा कारकून मीच होतो, आणि अहवाल येईपर्यंत मास्तरांना हात न लावण्याच्या त्या जुन्या उपठरावाचा निकाल लावायचा होता. मी गेलो. अहवाल माझ्या काखेत होता. त्यात एक शब्द वाढवायचा उरला नव्हता. मी जन्मभर ज्याला सत्य म्हणत आलो ते सगळे त्या कागदांत होते. मुखपृष्ठाचा निळा कागदही मी छापखान्यात बाजूला काढून ठेवला होता. अध्यक्षांनी मामांविषयी चार शब्द बोलून विचारले की अहवालाचे काय झाले.

मी म्हणालो, "अपुरा आहे."

या वेळी कोणी हसले नाही. अध्यक्ष माझ्या काखेतल्या जाड पुडक्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी कारकुनाला तसे लिहून घ्यायला सांगितले आणि समोरचे कागद उगाच सारखे करत, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सावकाश होऊ द्या. घाई नाही."